टोचनवर बांधलेली मोटारसायकल बाहेर का कलते?

एखादी सायकल घ्या. तिचं पुढचं चाक दोन गुडघ्यांमध्ये घट्ट आणि सरळ धरा आणि कुणाला तरी मागचं चाक डावीकडे सरकवायला सांगा. सीट उजवीकडे कलेल. हँडलचा दांडा उभा नसतो, मागे रेललेला असतो. अशा तिरक्या आसाभोवती सांगाडा वळला की तो कलतोही.

ट्रेलर न वापरता मोटारसायकल न्यायची एक पद्धत आहे: पुढचं चाक उचलून कारच्या मागे बसवलेल्या साधनाच्या खाचेत बांधायचं आणि मागच्या चाकावर ती ओढत न्यायची. ही पद्धत समजून घ्यायची तर सायकलीच्या या प्रयोगापासूनच सुरुवात करावी लागते.

चालती दुचाकी पडत नाही, कारण ती जिकडे कलते तिकडे तिचं पुढचं चाक वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. पूर्वी याचं श्रेय फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणाला दिलं जाई. 2011 साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तो गुण जवळजवळ नाहीसा केलेली सायकल बनवली. ढकलून सोडल्यावर तीही आपली आपण सावरत गेली. दुचाकीचं सगळं कौशल्य या कलण्यावळण्याच्या मोकळीकीत आहे. पुढचं चाक बांधलं की ती मोकळीक संपते आणि सावरण्याचं काम पट्ट्यांवर आणि सांध्यांवर येऊन पडतं.

30 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारा चालक साधारण 23 अंश आत झुकतो. बांधलेल्या गाडीला तसं झुकता येत नाही. 180 किलोच्या मोटारसायकलीला त्या वळणावर सुमारे 75 किलो वजनाइतका जोर बाहेर लोटत असतो. त्यात वळणं हँडलच्या आसावरच होत असेल तर ती उलट बाहेरच कलते. पुढचं चाक उचलल्यामुळे आस आणखी रेलतो, त्यामुळे अरुंद वळणावर हे कलणं सात-आठ अंशांपर्यंत सहज जातं. म्हणून खाचेखाली, खाच जिच्यावर वळेल अशी वेगळी उभी पिन हवी आणि हँडल सरळ बांधून टाकलेलं हवं. मग गाडी फक्त वळते, कलत नाही. ही पिन नसलेल्या साधनावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. ट्रेलर जोडायला कारच्या मागे जो टोचनचा गोल बॉल असतो, त्याच्यावरही हे जमत नाही, कारण बॉल सगळीकडे फिरतो आणि कलणं रोखतच नाही.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, ती गिअरबॉक्समध्ये आहे. न्यूट्रल टाकलं की सगळं सुटलं असं वाटतं. पण मागचं चाक चेनला फिरवतं, चेन पुढच्या लहान स्प्रॉकेटला, म्हणजे दातेरी चाकाला, आणि त्याच्याबरोबर गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट फिरत राहतो. त्याच्यावरचे सुटे गिअर जागच्या जागी आणि शाफ्ट त्यांच्या आत गरगरतोय, अशी अवस्था. एरवी तिथे तेल पोचवणारा पंप इंजिनवर चालतो, आणि इंजिन तर बंद आहे! क्लच दाबून बांधला तरी उपयोग नाही, कारण क्लच इंजिनच्या बाजूला आहे, चाकाच्या बाजूला नाही. जवळच्या गॅरेजपर्यंत चालून जाईल, पण लांबच्या प्रवासाला चेन उतरवूनच निघावं. स्कूटरचं मात्र वेगळं. तिथे चाकाबरोबर क्लचची बाहेरची वाटी आणि मागचे एक-दोन गिअर एवढंच फिरतं, आणि ते गिअर स्वतःच्या तेलात असतात.

वजनाचा हिशेब सोपा आहे. गाडीचं निम्मं वजन, म्हणजे 90 किलो, कारच्या मागच्या आसापासून साधारण 1.1 मीटर मागे लटकतं. कारच्या दोन आसांमधलं अंतर 2.6 मीटर धरलं तर पुढच्या चाकांवरचा भार 38 किलोंनी कमी होतो आणि मागच्या चाकांवर 128 किलोंची भर पडते. ज्या कारला स्टिअरिंग आणि ताकद दोन्ही पुढच्या चाकांतून मिळतात, तिला ओल्या चढावर हा फरक जाणवतो.

पट्टे बांधताना पुढचे शॉकअप थोडे दाबलेल्या अवस्थेत आणा. नाहीतर खड्ड्यात शॉकअप दबला की पट्टा क्षणभर सैल होतो आणि हुक निसटतो. निघाल्यावर थोड्याच अंतरावर थांबून पट्टे पुन्हा ताणायचे, कारण नवा पट्टा पहिल्या धक्क्यांत हमखास सैलावतो. आणि रिव्हर्स घ्यायचा नाही. मोटारसायकल इतकी अरुंद असते की बाजूच्या आरशात ती दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत ती काटकोनात दुमडलेली असते.