जुनी मस्टँग घेताय? न्यू जर्सीत टायटल नावावर करताना गाडी अडते कुठे

अर्ज तसा सोपा आहे. विकणाऱ्याची सही असलेलं मूळ टायटल (गाडीच्या मालकीचं सरकारी प्रमाणपत्र), तुमची ओळखपत्रं, 60 डॉलर फी आणि किमतीवर 6.625 टक्के विक्रीकर. एवढ्या जुन्या गाडीला ओडोमीटरच्या प्रतिज्ञापत्रातून केंद्रीय नियमांनी सूट दिली आहे. तरीही लोक वाहन कार्यालयातून हात हलवत परत येतात, कारण बहुतेक जण आधी इंजिन ऐकतात आणि कागद पैसे दिल्यावर बघतात.

पहिली अडचण न्यूयॉर्कच्या गाड्यांची. तिथे 1972 किंवा त्याआधीच्या मॉडेलला टायटल मिळतच नाही. हस्तांतर करता येणारं रजिस्ट्रेशन हाच मालकीचा पुरावा. विकणारा ‘टायटल नाही’ म्हणाला की लगेच घाबरू नका, पण ते रजिस्ट्रेशन त्याच्याच नावावर आहे आणि मागे त्याची सही आहे, हे पाहिल्याशिवाय पैसेही देऊ नका. पूर्वी व्हर्मॉन्ट राज्यातून टपालाने कागद करून घ्यायची पळवाट होती. 2023 मध्ये तिथले नियम कडक झाले, त्यामुळे जुने सल्ले ऐकू नका.

दुसरी अडचण नंबराची, म्हणजे प्लेटच्या नव्हे, गाडीवर ठोकलेल्या ओळख क्रमांकाची (व्हीआयएन). सतरा अक्षरी नंबर 1981 पासून आले. 1967 च्या मस्टँगचा नंबर अकरा अक्षरांचा, त्याच वर्षीच्या शेव्हरोले कॅमारोचा तेरा. कुणी ‘नंबर अपुरा आहे’ म्हणालं तर शांतपणे वर्ष दाखवा. मस्टँगचा खरा नंबर बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. दारावरची पट्टी त्याच्या जागी धरू नका, तशा नव्या पट्ट्या विकत मिळतात. नंबरातलं दुसरं अक्षर ‘टी’ असेल तर गाडी आपल्या एडिसनमध्येच, फोर्डच्या मेटचन कारखान्यात बनलेली! रिस्टोअर करणाऱ्यांना कळकळीची विनंती: गंजलेला पत्रा कापताना नंबराचा तुकडा भंगारात जाऊ देऊ नका. नंबर काढणं किंवा बदलणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरू शकतो.

टायटलवर खाडाखोड किंवा व्हाइटनर नको. ज्याच्या नावावर टायटल आहे तोच समोर विकतोय ना, हेही बघा. मधल्या माणसाने ते कधी स्वतःच्या नावावर केलंच नसेल, तर तुमचा अर्ज तिथेच थांबतो. जुन्या कर्जाची नोंद असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र लागतं. बँक बुडालेली असेल तर एफडीआयसीकडे (बँक ठेवींचा विमा उतरवणारी केंद्रीय संस्था) अर्ज करा, तिथून मिळू शकतं.

मुदत विक्रीच्या तारखेपासून दहा कामकाजाचे दिवस, त्यानंतर दंड. ‘गाडी चालू झाली की करू’ असं म्हणत लोक सांगाडा वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये ठेवतात. टायटलसाठी गाडी चालती असावी लागत नाही. ती अट रस्त्यावर आणण्याची.

ऐतिहासिक नंबरप्लेट हवी असेल तर गाडी किमान 25 वर्षं जुनी हवी. ती प्लेट प्रदर्शन आणि शैक्षणिक कामापुरती असते. रोज ऑफिसला जायचं असेल तर साधीच प्लेट घ्या.