नानावटी खटला, ‘ब्लिट्झ’ आणि ज्युरी : पार्श्वभूमी

‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने खुनाच्या शिक्षेतून नौदल अधिकारी नानावटीला सोडवलं आणि त्यामुळेच देशातली ज्युरी पद्धत (आरोपी दोषी की निर्दोष, हे सामान्य नागरिकांनी ठरवायची) बंद पडली, असं मुंबईत आजही ठासून सांगितलं जातं. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे, दुसरा मात्र नाही.

‘ब्लिट्झ’ १९४१ साली मुंबईत निघालं. टॅब्लॉइड आकाराचं इंग्रजी साप्ताहिक, डावीकडे झुकलेलं, किंचाळणाऱ्या मथळ्यांचं. सत्ताधाऱ्यांची लफडी बाहेर काढण्यात ते पटाईत होतं. १९६१ मध्ये एका ज्येष्ठ खासदाराची टर उडवल्याबद्दल त्याच्या संपादकांना लोकसभेत उभं करून समज देण्यात आली, तीही त्यांनी मानाने मिरवली.

एप्रिल १९५९ मध्ये पारशी नौदल अधिकारी नानावटीने आपल्या बायकोचा प्रियकर, सिंधी असलेला प्रेम आहुजा याला तीन गोळ्या घातल्या. आहुजा तेव्हा नुकताच अंघोळ करून कमरेला टॉवेल गुंडाळून आला होता. खटला उभा राहिला तेव्हा ‘ब्लिट्झ’ने बाजू केव्हाच घेतली होती. नौदलातला देखणा अधिकारी म्हणजे फसवला गेलेला सज्जन नवरा, आणि मेलेला आहुजा म्हणजे पैसेवाला, बायकांच्या मागे लागणारा रंगेल माणूस. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचं सांगतात. फेरीवाले खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ आणि ‘आहुजा टॉवेल’ विकत होते. एका माणसाच्या खुनाची रस्त्यावर खेळणी झाली, आणि त्या माणसाची बाजू मांडायला त्याच्या बहिणीखेरीज फारसं कोणी नव्हतं.

नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. ही काही त्या खटल्यासाठी काढलेली पळवाट नव्हती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ मध्ये तशी सोय आधीपासूनच होती. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. त्यामागे मुख्य कारणं दोन : न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा समजावून सांगताना चुका केल्या होत्या, आणि समोरच्या पुराव्यावर कोणतीही समंजस ज्युरी असा कौल देऊ शकली नसती. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता; पण आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता.

मग ज्युरी गेली कशी? विधी आयोगाने ती बंद करण्याची शिफारस १९५८ च्या अहवालात केली होती, म्हणजे गोळ्या सुटण्याच्या आदल्या वर्षी. शेवटचा ज्युरी खटला हाच, हेही खरं नाही. कोलकात्यात त्यानंतरही ज्युरी बसत होती. १९७३ च्या नव्या संहितेत ज्युरीला जागाच ठेवली नाही, तेव्हा ती पद्धत पूर्ण संपली. पारशी विवाहांच्या दाव्यांत मात्र न्यायाधीशांच्या मदतीला समाजाचे प्रतिनिधी आजही कायद्याने बसतात.

‘ब्लिट्झ’चा खरा हात दिसतो तो शिक्षेनंतर. उच्च न्यायालयाचा निकाल लागला त्याच दिवशी, ११ मार्च १९६० रोजी, राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली. अपील प्रलंबित असताना असं करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगितलं आणि १९६१ मध्ये जन्मठेप कायम केली. दयेची मागणी साप्ताहिकाने सोडली नाही. १९६४ मध्ये माफी मिळाली, तीही आहुजाच्या बहिणीची लेखी संमती मिळवून आणि त्याच सुमारास एका सिंधी व्यापाऱ्यालाही माफी देऊन. पारशी आणि सिंधी, दोन्ही समाज दुखावले जाऊ नयेत म्हणून सरकार किती जपत होतं, हे त्यातून कळतं. ज्युरीच्या दंतकथेखाली ही मोठी गोष्ट झाकली गेली आहे : छापील मोहीम न्यायालयात हरली आणि राजभवनात जिंकली.

या प्रकरणावर १९६३, १९७३ आणि २०१६ साली हिंदी चित्रपट आले. तिन्ही वेळा नायक फसवला गेलेला नवराच.

‘ब्लिट्झ’ नव्वदच्या दशकात बंद पडलं, तोवर त्याची तऱ्हा रंगीत पुरवण्यांनी उचलली होती. पुढे ती चोवीस तासांच्या वाहिन्यांकडे गेली. २०२० मध्ये एका तरुण अभिनेत्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मैत्रिणीवर वाहिन्यांनी महिनोन्‌महिने खटला चालवला. तपास चालू असताना अशी ‘मीडिया ट्रायल’ म्हणजे न्यायदानात ढवळाढवळ आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं.