नागपूरच्या पायवाटा कुठून आल्या

रविवारी सकाळी चालायला कुठे जायचं, असं पुणेकराला विचारलं की तो एखाद्या गडाचं नाव सांगतो. नागपूरकर वाघाचं सांगतो. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, जरा लांब ताडोबा. गाडी काढली की दोन-अडीच तासांत वाघाचं जंगल. पण त्या जंगलात आपण चालत नाही. गेटवर नोंद करायची, जिप्सीत बसायचं आणि बाहेर येईपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही. नियम योग्यच आहे, त्याच्यामुळेच वाघ टिकला.

पूर्वी असं नव्हतं. मोहफुलं, टेंभरं, तेंदूपत्ता गोळा करायला गावोगावची माणसं पायीच रानात शिरायची. आतल्या वाटा त्यांच्याच पायांनी पडल्या होत्या. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, बोर १९७० साली अभयारण्य. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पकड घट्ट होत गेली. पेंच १९७५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ साली व्याघ्रप्रकल्प झालं, तर बोरला हा दर्जा २०१४ साली मिळाला. एकेक वाट बंद होत गेली. आज आपल्याला मोकळेपणाने चालायला ज्या वाटा उरल्या आहेत, त्या बहुतेक वेगळ्याच कारणांनी पडलेल्या आहेत. कुणी देवासाठी चाललं, कुणी पाण्यासाठी, कुणी दगडासाठी.

देवाची वाट म्हणजे रामटेक. शहरापासून पन्नासेक किलोमीटर. अंबाळा तलावाकडून पायऱ्या चढत गेलं की माकडं सोबतीला येतात आणि वर पोचेपर्यंत डब्यावर लक्ष ठेवावं लागतं. ही चढण फार जुनी आहे. पायथ्याजवळचं नगरधन म्हणजे विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांकडे दिली होती. तिच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरिस्वामींच्या पायांचा उल्लेख आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही ही टेकडी देवाचीच होती. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं संस्कृतचे अभ्यासक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास इथे जत्रा भरते. आमच्याकडे कार्तिक म्हणजे आवळीभोजनाचेही दिवस, आवळ्याच्या झाडाखाली पंगत मांडायचे. घराबाहेर पडून रानात दिवस घालवण्याची सवय विदर्भाला या जत्रांनी आणि पंगतींनीच लावली, असं मला मनापासून वाटतं. महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन पचमढीचा चौरागड चढणारे महादेवाचे भक्त त्याच सवयीची लांबची मजल मारतात.

दगडासाठी चाललेला माणूस मात्र बाहेरून आला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात पोचला. धर्मप्रचार आणि शाळा हे त्याचं काम. पण जिथे जाईल तिथे तो खाली बघत चालायचा. नागपूर मोठ्या मजेशीर जागी वसलं आहे. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, इथे संपत येतो. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची; रामटेकचा डोंगर मात्र त्याहून कितीतरी जुन्या खडकाचा, आणि मधे कामठीकडे वालुकाश्म. तीन वेगवेगळ्या काळांतले खडक एका दिवसात पायाखाली येतात. हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांना टाकळीजवळ लाव्हाच्या थरांमधे दबलेल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडले. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांच्या मधल्या काळात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, इथे तळी होती, त्याचा हा पुरावा. नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा त्यांचा लेख १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. आज टाकळीत घरं आणि रस्ते आहेत. तिथून जाताना मला दर वेळी त्या गोगलगायी आठवतात.

४ सप्टेंबर १८६३. चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांच्यासोबत हिस्लॉप बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेल्या धोंड्यांची प्राचीन दफनं, बघायला गेला होता. घोड्यावरून परतताना नदीला पाणी चढलं होतं, त्यात तो बुडाला. वय ४५. त्याच्या नावाचं कॉलेज शहरात सगळ्यांना माहीत आहे. तो कशापायी गेला, हे फार थोड्यांना.

पाण्यासाठी पडलेल्या वाटा शहराला लागूनच आहेत. अलेक्झांडर बिनी या अभियंत्याने नागपूरच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना, पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून येतं याची १८६९ आणि १८७२ साली शहराजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटर पाणलोटात मोजणी केली. ते आकडे जलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अजून शिकवतात. अंबाझरी आणि १९१२ सालचा गोरेवाडा हे तलाव शहराची तहान भागवण्यासाठी. पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचं रान राखलं गेलं, आणि त्या राखलेल्या रानातच आज आपण पक्षी बघत फिरतो.

मला विचाराल तर पहिली फेरी जुनापाणीला करा. काटोल रोडने शहराबाहेर पडलं की थोड्याच वेळात येतं. काळ्या धोंड्यांची शेकडो वर्तुळं उघड्या माळावर पसरली आहेत. लोहयुगातल्या माणसांची ही दफनं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने काही उकरून पाहिली, पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. वर्तुळांतल्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे आहेत, ओळीने कोरलेले. भर दुपारी ते दिसतसुद्धा नाहीत. सकाळी साडेसातच्या तिरप्या उन्हात खाली वाकलात की एकेका खळग्यात सावली भरलेली दिसते. बोट ठेवलं तर टोक नीट बसतं.