परसबागेतील कीटकनाशकांचा वापर (सातारा व सांगली जिल्हे)

घरी खाण्यापुरत्या भाजीवरील कीड-रोग आवरण्यासाठी रासायनिक अथवा वनस्पतिजन्य औषधे वापरण्याची रीत, आणि तिला लागू पडणारे (व न पडणारे) नियम. कृष्णा-कोयना खोऱ्यात मोरीच्या सांडपाण्यावर वांगी, मिरची, दोडका, घोसाळी, घेवडा घेण्याची चाल सर्वपरिचित आहे. तिचे वर्णन येथे केलेले नाही.

कायदा : कीटकनाशक अधिनियम, 1968 व त्याखालील 1971 चे नियम हा या विषयाचा पाया होय. अधिनियमाचे मूळ सामान्यतः 1958 च्या दुर्घटनेत शोधले जाते. त्या वर्षी केरळ व तत्कालीन मद्रास राज्यात पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक सांडलेले गव्हाचे पीठ खाल्ल्याने 100 हून अधिक माणसे दगावली आणि चौकशीसाठी न्या. शहा आयोग नेमला गेला. मात्र दुर्घटना व कायदा यांत दहा वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात, साधारणपणे 1964 नंतर, भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने केलेल्या कामाने मसुद्याला आकार दिला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

परसबागेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते कलम 38. स्वतःच्या घरगुती कामासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कोणी कीटकनाशक वापरल्यास त्या वापराला हा अधिनियम लागू होत नाही, असे ते सांगते. उत्पादन, आयात, नोंदणी, साठा व विक्री यांवर कायद्याची पकड आहे. घरामागे पंप घेऊन उभ्या असलेल्या माणसावर नाही. यावरून बंदी घातलेले औषधही परसात चालते, असा अर्थ काही जण काढतात. शब्दशः वाचन तिकडे झुकते खरे. पण बंदीचे आदेश कलम 27 खाली निघतात आणि त्यांत विक्री व वितरणाबरोबर वापराचाही समावेश असतो. शिवाय परवानाधारक कृषी सेवा केंद्राला असे औषध विकताच येत नाही. त्यामुळे कलम 38 ची सवलत बंदी नसलेल्या औषधांपुरतीच मर्यादित मानणारे वाचन ग्राह्य धरावे. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापरास 2005 पासून बंदी आहे. फोरेट व डायक्लोरव्हॉस 2018 च्या आदेशान्वये 31 डिसेंबर 2020 पासून बंद झाली. वांग्याच्या बुंध्याशी फोरेटचे दाणे टाकण्याची जुनी सवय तेव्हापासून निखालस गैर ठरते.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 देखील (कलम 18) शेतकरी व शेतीकामांना वगळतो. शेजारणीला दिलेली जुडी कायद्याच्या नजरेत येत नाही. तीच भाजी व्यापाऱ्याच्या हाती गेली की तिच्यात उरलेल्या औषधाच्या अवशेषांच्या कमाल मर्यादा लागू होतात.

लेबल : अशा स्थितीत डब्यावरचे लेबल हाच परसबागेचा व्यवहारातला नियम उरतो. चौकोनी शंकरपाळ्याच्या खालच्या अर्ध्या, त्रिकोणी भागातील रंग विषारीपणा दाखवतो : लाल (तोंडावाटे मारक मात्रा किलो वजनामागे 1 ते 50 मिलिग्रॅम), पिवळा (51 ते 500), निळा (501 ते 5,000), हिरवा (5,000 हून जास्त). लाल व पिवळा त्रिकोण परसात आणू नये.

नोंदणी पीकवार असते आणि फवारणी ते तोडणी यांतील प्रतीक्षा काळही पीकवार ठरतो. क्लोरँट्रानिलिप्रोल 18.5 टक्के या औषधाला टोमॅटोवर 3 दिवस थांबावे लागते, वांग्यावर 22 दिवस. वांगी दर तीन-चार दिवसांनी तोडली जातात. म्हणजे शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीवर हे मारले की मधले पाच ते सात तोडे टाकून देणे आले. घरी ते कोणी टाकत नाही. इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के याचा काळ वांग्यावर 3 व भेंडीवर 5 दिवस आहे. पालेभाज्यांसाठी नोंदलेली औषधे फार थोडी.

मात्रेची अडचण वेगळीच. लेबलावरील आकडे हेक्टरी असतात : वरील क्लोरँट्रानिलिप्रोल वांग्यावर हेक्टरी 200 मिली, 500 लिटर पाण्यात, लिटरला 0.4 मिली. बाटलीच्या झाकणाने हे मोजता येत नाही. सुई काढलेली, त्याच कामासाठी बाजूला ठेवलेली एक मिलीची सिरिंज वापरावी.

स्थानिक विशेष : तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या द्राक्षपट्ट्यात निर्यातीच्या बागेची फवारणी नोंदवहीत चढते, माल प्रयोगशाळेत तपासला जातो; त्याच घरच्या वांग्यावर बागेतले उरलेले औषध अंदाजाने मारले जाते. उसाच्या पट्ट्यात दुसरा धोका संभवतो. 2,4-डी हे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता भाजीवर वापरल्यास टोमॅटोचा शेंडा दोरीसारखा पिळवटतो. तो विषाणूचा रोग समजून पुन्हा फवारा मारला जातो. तणनाशकाचा पंप वेगळाच हवा.

फवारणी संध्याकाळी करावी हा सर्वमान्य सल्ला दोडक्याला लागू पडत नाही. दोडक्याची फुले दिवस मावळताना उमलतात, घोसाळी व लाल भोपळ्याची पहाटे-सकाळी. परागीकरण करणारे किडे वाचवायचे तर वेल पाहून वेळ ठरवावी.

निंबोळी अर्क (5 टक्के) : लिटरला 50 ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबण चुरा घालून लगेच वापरतात. त्यातील अझाडिरॅक्टिन हा कीडनाशक घटक उन्हात लवकर विघटित होतो. दशपर्णी अर्काचेही चलन आहे.

साठवण व विषबाधा : औषध मूळ डब्यातच, कुलुपात ठेवावे. नदीकाठच्या गावांत, 2005 व 2019 चे महापूर पाहता, ते जमिनीलगतच्या फडताळात ठेवू नये. रिकामा डबा भोके पाडून निकामी करावा. चक्कर, लाळ, घाम, बाहुल्या बारीक होणे ही ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाने झालेल्या विषबाधेची लक्षणे होत. रुग्णाला रुग्णालयात नेताना डबा किंवा लेबल सोबत न्यावे, कारण ॲट्रोपिनसारखा उतारा औषधाचा गट कळल्यावरच नेमका देता येतो.