‘वर कुणीतरी हवं’ हे कितपत खरं?

‘वर काका-मामा असेल तरच नोकरी,’ हे हिंजवडीच्या कंपनी-बसमध्ये आजही ऐकू येतं. खरं चित्र वेगळं आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची पाहणी केली (१९७३ मध्ये प्रसिद्ध). ओळखीची ती व्यक्ती वारंवार भेटणारी होती फक्त १६.७ टक्क्यांच्या बाबतीत; ५५.६ टक्के अधूनमधून भेटत, बाकीचे क्वचितच. साहजिक आहे, जवळच्यांना असते ती खबर आपल्यालाही असतेच.

पण लांबचा माणूस तरी नाव कुणाचं सुचवणार? ज्याचं काम पाहिलंय त्याचं. सॉफ्टवेअर रिलीजच्या रात्री ‘हा बग आमचा नाही’ न म्हणता, चूक शोधायला टेस्टरशेजारी लॉग (प्रोग्रामच्या नोंदी) उघडून बसणारा लक्षात राहतो. मराठा चेंबर या पुण्यातल्या उद्योग-व्यापार संस्थेच्या कार्यक्रमात नुसती कार्डं वाटून चहा-सामोशापलीकडे फारसं काही मिळत नाही. एखाद्या समितीचं काम अंगावर घ्यावं.