मुंबई ते न्यू यॉर्क : हवाई अंतर आणि प्रत्यक्ष प्रवास

मुंबईहून न्यू यॉर्क नेमके किती लांब आहे, असा प्रश्न आमचे ग्राहक, विशेषतः मुलांकडे प्रथमच अमेरिकेला निघालेले आईवडील, तिकीट काढताना हमखास विचारतात. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यामधील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे 12,540 किलोमीटर, म्हणजे जवळपास 7,790 मैल आहे. विमान वाहतुकीतील सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असल्यामुळे त्या हिशेबाने हेच अंतर 6,770 च्या आसपास भरते.

भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टीने रेघ ओढली, तर ती सौदी अरेबिया, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. मात्र ही सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात सुमारे 14,200 किलोमीटरची आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरल्यास तो मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया आणि आइसलँडवरून जाऊन ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो, आणि खरे कमीत कमी अंतर तेच असते. त्यामुळे आसनासमोरच्या पडद्यावर विमान उत्तरेकडे वळलेले दिसले, तर ते वाट वाकडी करत आहे असे समजू नये.

अर्थात विमान दरवेळी याच रेषेवरून जाते असे नाही. फेब्रुवारी 2022 नंतर रशियाची हवाई हद्द अमेरिकी आणि युरोपीय संघातील कंपन्यांना बंद झाली, तर एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली. असे वळसे पडले की उड्डाणाचा वेळ वाढतो. वाऱ्याचाही परिणाम मोठा असतो: उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे वारे जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात, म्हणून थेट विमानाला जाताना साधारण 16 तास लागत असतील, तर येताना त्याहून बराच कमी वेळ लागतो.

आमच्या मते तिकीट निवडताना अंतराचा आकडा फारसा उपयोगी पडत नाही. लंडनमार्गे गेल्यास मुंबई–लंडन 7,200 आणि लंडन–न्यू यॉर्क 5,540, असे मिळून अंतर जेमतेम 200 किलोमीटरने वाढते, दुबईमार्गे सुमारे 400 ने. परंतु मधल्या विमानतळावरील थांबा प्रवासात कित्येक तासांची भर घालू शकतो. गुडघेदुखी असलेल्या किंवा एकट्याने निघालेल्या ज्येष्ठांसाठी आम्ही शक्यतो थेट विमानच सुचवतो, आणि थांबा टाळता येत नसेल तर व्हीलचेअरची मागणी तिकिटासोबतच नोंदवून घेतो.

तिकिटावरील वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक वेळेनुसार छापलेल्या असतात. न्यू यॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तेव्हा प्रवासाचा कालावधी काढताना जाण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नये. तिकिटावर एकूण कालावधी स्वतंत्रपणे दिलेला नसेल, तर तो आमच्याकडून लिहून घ्यावा.