‘वय झालं’पासून ‘उणे २.५’पर्यंत

गिरगावातल्या आमच्या चाळीत आजी दुसऱ्या मजल्यावर राहायची. तिची नजर कायम जमिनीकडे. जिना चढताना समोरून कोण उतरतंय ते ती पायांवरून ओळखायची, कारण मान वर व्हायचीच नाही. कोणी काही विचारलं तर म्हणायची, "वय झालं गो, पोक आलं." त्याच मजल्यावर आणखी तीन-चार आज्या तशाच वाकलेल्या होत्या. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ खेळताना म्हातारी व्हायचं तर कंबरेत वाकायचं, हे आम्हा पोरांना कोणी शिकवावं लागलं नाही. म्हातारी वाकलेलीच असते. तो मणक्यांचा आजार असेल, अशी शंका आमच्या घरात कोणालाच आली नव्हती.

वैद्यकालाही ती तशी उशिराच आली. मोडलेल्या हाडांची विद्या जुनी आहे. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे, म्हणजे कांडभग्नाचे, बारा प्रकार आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार दिले आहेत. आयुर्वेदात ‘अस्थिक्षय’ हा शब्दही आहे. पण काही माणसांची हाडं एवढ्यातेवढ्यानं का मोडतात, याचा पाठपुरावा युरोपात एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली मनगटाच्या एका विशिष्ट मोडीचं वर्णन लिहिलं. क्ष-किरण सापडायला अजून एक्क्याऐंशी वर्षं होती. त्यांनी नुसत्या नजरेनं आणि बोटांनी ओळखलं, की हाताचा तळवा टेकून पडलं की मनगटाच्या थोडं वर हाड तुटतं आणि हात उलट्या पळीसारखा वाकडा दिसतो. लंडनमध्ये अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२० च्या दशकात म्हाताऱ्या माणसांची हाडं हलकी आणि मऊ होतात, म्हणून खुब्यापाशी मोडतात, असं नोंदवलं. नाव दिलं स्ट्रासबुर्गच्या जाँ लोब्स्टाइन यांनी, १८३० च्या आसपास. ऑस्टिऑन म्हणजे हाड, पोरोस म्हणजे छिद्र, त्यावरून ऑस्टिओपोरोसिस. मराठीत त्याला अस्थिसुषिरता, अस्थिविरलता असे शब्द घडवले गेले, पण ते पाठ्यपुस्तकाबाहेर फारसे पडले नाहीत. मुंबईत बायका सरळ ‘हाडं ठिसूळ झालीत’ म्हणतात, आणि मला तेच जास्त नेमकं वाटतं.

नाव मिळालं, तरी कारण हाती यायला आणखी शंभरेक वर्षं गेली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात फुलर ऑलब्राइट यांनी १९४० च्या सुमारास मणक्याची हाडं विरळ झालेले, पासष्टच्या आतले ४२ रुग्ण तपासले. त्यातल्या ४० जणी पाळी गेलेल्या बायका होत्या. इतका उघड आकडा आधी कोणी मांडला नव्हता. स्त्रीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन कमी झालं, की हाडाचं गणित बिघडतं, हे ऑलब्राइट यांनी मांडलं. मात्र इस्ट्रोजेन नसल्यानं नवं हाड बनणं थांबतं, असा त्यांचा अंदाज होता, तो पुढे दुरुस्त करावा लागला. हाड आयुष्यभर मोडलं आणि बांधलं जातं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड कुरतडतात, दुसऱ्या नवं भरतात. पाळी गेल्यावर कुरतडणाऱ्यांचा जोर वाढतो आणि भरणाऱ्यांना तो वेग झेपत नाही. पहिल्या पाच-दहा वर्षांत हा घसारा सगळ्यात जास्त असतो, आणि आधी झिजतं ते आतलं जाळीदार हाड, जे मनगटात आणि मणक्यात भरपूर असतं. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ती पन्नाशी ओलांडून. म्हणजे आपल्याकडच्या बाईचा घसारा चार-पाच वर्षं आधीच सुरू होतो.

माझी आई ५७ व्या वर्षी मोरीच्या कट्ट्याला अडखळून पडली. तळवा टेकला, मनगट मोडलं, कॉलिसनी लिहिलं तसंच, शब्दशः. जवळच्या एका रुग्णालयात सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं, कॅल्शियमच्या गोळ्यांच्या दोन पाकिटांची चिठ्ठी दिली आणि बजावलं, "मोरीत जपून पाय टाका." आम्ही मोरीला दोष दिला. कट्टा फोडून सपाट केला, खाली खरखरीत लाद्या बसवल्या. उभ्या उंचीवरून पडून सत्तावन्नाव्या वर्षी हाड का मोडलं, हे ना त्यांनी विचारलं, ना आम्ही. ही चूक एकट्या त्या रुग्णालयाची नव्हती. एक हाड मोडलेल्याचं दुसरं मोडण्याचा धोका साधारण दुप्पट असतो, हे ठाऊक असूनही जगभर हाडवाले डॉक्टर हाड जोडून पेशंटला घरी पाठवत होते. ग्लासगोमध्ये १९९९ च्या सुमारास पहिल्यांदा नेमून दिलेली व्यवस्था सुरू झाली, की पन्नाशीनंतर हाड मोडून जो येईल त्याच्या हाडाची घनता तिथल्या तिथे तपासायची. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात कामाची वाटते ती हीच गोष्ट, आणि तिला ना नवं यंत्र लागतं ना नवं औषध.

आईचं दुसरं हाड नऊ वर्षांनी मोडलं. पाणी जायच्या आत पिंप भरायचं म्हणून तिनं बादली उचलली आणि पाठीत कळ आली. सगळे म्हणाले, उसण भरली. बाम झाला, गरम पिशवीचा शेक झाला, शेजारच्या काकूंनी पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायचाही सल्ला दिला (नशीब, आम्हाला पायाळू मिळाला नाही). तीन आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेत मणका पुढच्या बाजूनं पाचरीसारखा दबलेला दिसला. मणक्याच्या अशा मोडींपैकी दोन तृतीयांश कोणाच्या लक्षातच येत नाहीत, असं हाडांचे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे त्या उसण, वात आणि वय या तीन नावांखाली जमा होतात. आजीचं पोक म्हणजे एकावर एक दबलेले असेच मणके असणार, हे मला त्या दिवशी, ती जाऊन वीस वर्षं झाल्यावर उमगलं.

साध्या एक्स-रेत हाड विरळ झालेलं दिसायला जवळजवळ तीस टक्के हाड आधीच गेलेलं असावं लागतं. त्यामुळे मोजमापाचा प्रश्न मोठा होता. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी १९६३ साली हातातून किरण आरपार पाठवून हाडातली खनिजं मोजायची रीत काढली. आजची डेक्सा तपासणी १९८० च्या दशकाच्या शेवटी आली. झोपायचं, वरून यंत्राचा दांडा फिरतो, दहा-पंधरा मिनिटांत कंबर आणि खुब्याचा आकडा हातात. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं रेघ ओढली: तरुण निरोगी बाईच्या सरासरीपेक्षा घनता ठरावीक मापानं २.५ किंवा त्याहून जास्त खाली असेल, तर ऑस्टिओपोरोसिस. उणे १ ते उणे २.५ च्या मधल्यांना ऑस्टिओपेनिया. ‘वय झालं’ला आकडा मिळाला तो असा. या मापातली ‘तरुण निरोगी बाई’ मुळात पाश्चात्त्य होती. भारतीय बायकांची हाडं आकारानंच लहान, आणि डेक्सा लहान हाडाची घनता जरा कमीच दाखवतं. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१० साली आपल्या लोकांसाठी वेगळी मापं दिली. त्याआधीच, २००८ पासून वापरात आलेलं फ्रॅक्स नावाचं गणित वय, वजन, आधीची मोड, आईवडिलांचा मोडलेला खुबा, स्टेरॉइड, तंबाखू असं सगळं धरून दहा वर्षांतला धोका सांगतं. सोसायटीच्या गणपतीत किंवा औषधाच्या दुकानाबाहेर टाच ठेवून फुकट तपासतात ते वेगळं यंत्र. ते फार तर इशारा देतं. त्याच्या कागदावर कोणी औषध सुरू करू नये आणि त्याच्या भरवशावर कोणी निर्धास्तही होऊ नये.

मग हाडं विरळ झालीच का? आई म्हणते, "आम्ही तर आरेचं दूध प्यायलो." आरे कॉलनी १९४९ साली उभी राहिली. शहराच्या गल्ल्यांतले म्हशींचे गोठे बाहेर काढून मुंबईला स्वच्छ दूध द्यायची ती योजना. दारा खुरोडी यांना त्या कामासाठी १९६३ सालचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत. काचेच्या बाटल्या, पातळ पत्र्याची झाकणं, पहाटेची रांग. पण घरात आलेल्या दुधाची वाटणी आठवून बघा. आधी मुलांना, मग चहाला, मग विरजणाला. आईच्या वाट्याला चहातलं दोन चमचे. चाळीतल्या कुठल्याही घरात हाच हिशेब होता. सरकारी शिफारससुद्धा फार काळ मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरे म्हणत होती. २०१० मध्ये ती ६०० झाली, २०२० मध्ये १०००, आणि पाळी गेलेल्या बाईला १२००. म्हणजे आईच्या पिढीनं कागदावरचा नियम पाळला असता, तरी आजच्या मापानं ती कमीच पडली असती.

दुधावाचून कॅल्शियम नाही, असं मात्र मुळीच नव्हतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच दुधात साधारण १२०. तिळात तर हजाराच्या वर. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसांच्या घरात नाचणीची भाकरी, सुकट, जवळा, काट्यासकट चावून खायची मांदेली हे रोजचं होतं. पुढे गव्हाची पोळी म्हणजे प्रगती आणि नाचणी म्हणजे गावंढळपणा झाला. आता तीच नाचणी बिस्किटांच्या पुड्यावर मोठ्या अक्षरात छापून दुप्पट भावानं येते. बाळंतिणीला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मिळायचे ते सव्वा महिना. पन्नाशीच्या बाईसाठी आपल्या स्वयंपाकघरानं कोणताच लाडू ठरवून ठेवलेला नाही.

ऊन हा मुंबईचा दुसरा विनोद. अंगावर ऊन पडलं, की कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्यावाचून खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही. एवढ्या उन्हाच्या शहरात माणसं पहाटे लोकलमध्ये शिरतात आणि अंधार पडल्यावर घरी येतात. मधला दिवस ट्यूबलाइटखाली. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. म्हणून आठवड्याला साठ हजार युनिटची पुडी घराघरात पोचली. ती काही आठवड्यांसाठी असते. काही जणी वर्षभर स्वतःच्या मनानं घेत राहतात, आणि ते धोक्याचं आहे, कारण हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं.

औषधांची गोष्ट मोठी आणि वळणावळणाची आहे. ऑलब्राइटपासून इस्ट्रोजेन द्यायची चाल पडली. ती २००२ साली एकदम मोडली, कारण अमेरिकेतल्या हजारो स्त्रियांवरच्या चाचणीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गोळ्यांनी खुब्याच्या मोडी कमी झाल्या, पण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढला. दरम्यान वेगळीच वाट सापडली होती, आणि ती मुंबईकराला चटकन कळेल. बोअरवेलच्या पाण्यानं नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो ना, तो बसू नये म्हणून धुण्याच्या पावडरीत पायरोफॉस्फेट जातीची रसायनं घालत. स्वित्झर्लंडमधले हर्बर्ट फ्लाइश यांना दिसलं, की असाच एक पदार्थ माणसाच्या रक्तात आणि लघवीत असतो आणि तो क्षार बसू देत नाही. पोटात टिकेल असा त्याचा भाऊबंद शोधताना १९६९ मध्ये बिस्फॉस्फोनेट पुढे आली. ती हाडाला चिकटून बसतात आणि कुरतडणाऱ्या पेशींना आवरतात. त्यातलं अ‍ॅलेंड्रोनेट १९९५ मध्ये अमेरिकेत ऑस्टिओपोरोसिससाठी मंजूर झालं, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड २००७ मध्ये. नवं हाड बांधणारं टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन २००२ चं, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब २०१० चं. या शेवटच्याची तारीख चुकवायची नसते. ते मध्येच सोडलं, तर झीज उसळून वर येते आणि मणके एकापाठोपाठ दबू शकतात. गावी गेलो म्हणून राहिलं, असं त्याबाबत चालत नाही. बिस्फॉस्फोनेटही जन्मभर नाहीत. तीन ते पाच वर्षांनी डॉक्टर पुन्हा हिशेब मांडतात, कारण फार लांबवल्यास मांडीच्या हाडाची वेगळ्याच प्रकारची मोड क्वचित होते. दात काढायचा असेल तर दातवाल्याला आधी सांगावं लागतं, जबड्याचं हाड कधी कधी भरून येत नाही म्हणून.

व्यायामाचंही एक जुनं पान उघडून दाखवण्यासारखं आहे. १९८४ साली मेयो क्लिनिकमध्ये मणके विरळ झालेल्या ५९ स्त्रियांच्या व्यायामाची तुलना झाली. पाठ मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींना नवी मोड झाली, पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींना. संख्या लहान आहे, पण फरक केवढा आहे बघा. आणि आपल्या बागेतल्या योगवर्गात सगळ्यात कौतुक कशाचं? गुडघ्याला कपाळ टेकवणाऱ्या पासष्टीच्या काकूंचं. आईच्या फिजिओथेरपिस्टनं तिचं पश्चिमोत्तानासन पहिल्याच दिवशी बंद केलं. त्याऐवजी भिंतीला पाठ लावून उभं राहणं, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं, ओट्याला धरून चवड्यावर उभं राहणं. बादली अर्धीच भरायची, आणि वाकायचं तर गुडघ्यातून.

सगळ्यात हट्टी निघाली ती भीती. मणका दबल्यावर वर्षभर आई पावसात खाली उतरली नाही. पेव्हर ब्लॉकची एखादी वीट पाय ठेवल्यावर डुगडुगते आणि खालून चिखलाची पिचकारी येते, तिला ती सरळ मणक्यात जाणवायची. घरी बसून पाय आणखी हलके पडले, तोल आणखी गेला. आता ती छत्री आणि काठी यांत काठी निवडते आणि रेनकोट घालते. पहिल्यांदा रेनकोट घातला तेव्हा खालच्या वॉचमननं तिला ओळखलं नाही.

आईची बिस्फॉस्फोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, आणि तिनं त्यासाठी सोमवार निवडला, उपासाचा म्हणून लक्षात राहतो. उठल्यावर अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास ना आडवं व्हायचं ना काही पोटात घालायचं, नाहीतर गोळी अन्ननलिकेला पोळते किंवा अंगी लागत नाही. चहासुद्धा नाही. तो अर्धा तास ती गॅलरीत कठड्याला धरून उभी राहते, चवड्यावर वर-खाली करते आणि दर पाच मिनिटांनी आत डोकावून विचारते, "झाला का गो अर्धा तास?"